एक मिलिमीटर: फुलं आणि बागेतले कीटक जवळून टिपताना

मराठी साहित्य मंडळाच्या अंकात कॅमेऱ्यावर लेख कशाला, असा प्रश्न काही जणांना पडेल, म्हणून आधी तेवढं सांगते.

फुलापाखरांशिवाय आपल्या कवितेचं पान हलत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांना तर आपण 'फुलामुलांचे कवी' म्हणूनच ओळखतो. त्यांच्या अहमदनगरच्या घरी काही काळ राहिलेल्या बालकवींची ओळख करून द्यायला निसर्ग हा एक शब्द पुरतो. आणि आपल्या बडोद्याची एक गोष्ट तर फार थोड्यांना माहीत आहे. १९०९ साली बडोद्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. ते पेशाने डॉक्टर आणि अभ्यासाने वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बा. दा. बसूंचा मोठा ग्रंथ १९१८ साली, कीर्तिकरांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. म्हणजे फुलातले केसर मोजणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावात साहित्याच्या अध्यक्षपदावर बसला होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

आपण मात्र लिहिताना "फुलावर एक सुंदर फुलपाखरू बसलं होतं" एवढं लिहून मोकळे होतो. कोणतं फूल? कोणतं फुलपाखरू? मध प्यायला आलं होतं की अंडं घालायला? हे प्रश्न मला कॅमेऱ्यामुळे पडायला लागले. म्हणून हा अभ्यासलेख. यात तंत्र आहे, पण ते लागेल तेवढंच. सांगायचं मुख्य आहे ते असं: जवळच्या फोटोत स्पष्ट दिसणारी जागा इतकी पातळ असते की काय दाखवायचं ते आपल्याला निवडावंच लागतं, आणि समोरच्या जिवाची माहिती नसेल तर ती निवड करता येत नाही.

१. 'जवळचा' म्हणजे किती जवळचा?

मॅक्रो हा शब्द हल्ली प्रत्येक मोबाइलच्या खोक्यावर छापलेला असतो. त्याचा मूळ अर्थ मोजमापाचा आहे. कॅमेऱ्याच्या आत ज्या पट्टीवर चित्र उमटतं तिला सेन्सर म्हणतात. वस्तू प्रत्यक्षात जेवढी आहे तेवढ्याच आकाराची सेन्सरवर उमटली, तर ते प्रमाण १:१. निम्म्या आकाराची उमटली तर १:२. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. समजा, फुलोरी मधमाशी ९ मिलिमीटर लांब आहे. १:१ प्रमाणात ती फोटोची पाव रुंदी व्यापेल. बिबळ्या कडव्यासारखं फुलपाखरू पंख पसरून सात-आठ सेंटिमीटर भरतं, ते १:१ ला फ्रेममध्ये मावणारच नाही. म्हणजे सगळ्यांसाठी एकच प्रमाण चालत नाही. मुंगीला हवं ते फुलपाखराला नको.

आता साधनांबद्दल. आपल्यापैकी बहुतेकांकडे मोबाइल आहे, तेवढ्याने सुरुवात होते.

मोबाइल: काही महागड्या फोनमध्ये वाइड लेन्सच अगदी जवळून फोकस करते आणि ती चांगली चालते. स्वस्त फोनमधला दोन मेगापिक्सेलचा वेगळा 'मॅक्रो' कॅमेरा मात्र सहसा निराशा करतो. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून, दुप्पट झूमवर फोटो घ्या आणि नंतर कापा. मोबाइलवर चिमट्याने बसणारी भिंगाची लेन्स मिळते, ती कीटकांसाठी खूपच उपयोगी. तिच्यातून बघताना कीटकाच्या अगदी तीन-चार सेंटिमीटरवर जावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा.

कॅमेरा: कुणाच्या घरी जुना डीएसएलआर पडून असेल तर लगेच मॅक्रो लेन्स विकत घ्यायची घाई नको. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळ्या मिळतात, त्यांना एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. त्यांच्यात काच नसते, फक्त हवा. हिशेब सोपा आहे: नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ. ५० मिलिमीटरच्या लेन्सला ५० मिलिमीटर लांबीच्या नळ्या लावल्या की अनंतावर फोकस असलेली लेन्स १:१ ला पोहोचते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे लेन्स उलटी बसवायची रिंग. हे दोन्ही उपाय करताना लेन्स कीटकाच्या खूप जवळ जाते. शंभर मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सचा खरा फायदा हाच, की थोडं लांब उभं राहता येतं.

२. एक मिलिमीटर

आता लेखाच्या नावाकडे येऊ.

डोंगराचा फोटो काढताना समोरच्या झाडापासून मागच्या शिखरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. जवळच्या फोटोत तसं होत नाही. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ प्रमाणात, एफ-८ ला, स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली साधारण एक मिलिमीटर असते. तुमचं एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड आहे, त्याहून किंचितच जास्त. त्याच्या पुढचं आणि मागचं सगळं धूसर.

मग छिद्र बारीक करावं, असं लगेच मनात येतं. एफ-१६ केलं की खोली दुप्पट, म्हणजे दोन मिलिमीटरच्या आसपास. पण त्याची किंमत द्यावी लागते. एक तर प्रकाश कमी होतो. जवळ गेल्यामुळे तो आधीच कमी झालेला असतो: १:१ ला एफ-८ ची लेन्स जवळपास एफ-१६ एवढाच प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचवते. दुसरं म्हणजे छिद्र फार बारीक झालं की त्याच्या कडेवरून प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटोच मऊ, धुवट दिसायला लागतो. त्यामुळे एफ-८ ते एफ-१३ यांच्या मध्ये कुठेतरी थांबावं लागतं. थोडं मागे सरकणं हा जास्त शहाणपणाचा मार्ग: १:२ ला एफ-८ वरच खोली तीन मिलिमीटरच्या आसपास जाते. मोबाइलचा सेन्सर छोटा असल्यामुळे त्याला हे दुखणं कमी जाणवतं, पण चिमट्याची लेन्स लावली की त्यालाही जाणवतं.

एका जागी स्थिर असलेल्या गोष्टीचे, फोकस थोडा थोडा सरकवत, वीस-तीस फोटो घेऊन ते संगणकावर जोडता येतात. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. फुलावर, कोषावर ते जमतं. हलणाऱ्या मुंगीवर जमत नाही, तिथे निवड चुकत नाही.

तर ते एक मिलिमीटर कुठे ठेवायचं?

पहिला नियम सगळे सांगतात तोच: डोळ्यावर. कीटकाचा डोळा स्पष्ट असेल तर बाकी धूसर असलेलं बघणाऱ्याला खटकत नाही. उडी मारणाऱ्या कोळ्याला आठ डोळे असतात, त्यातले समोरचे दोन मोठे स्पष्ट आले की काम झालं. (कोळी कीटक नाही, त्याला आठ पाय. पण बागेत तो भेटतोच, म्हणून इथे घेतला.)

दुसरा नियम भूमितीचा. स्पष्ट दिसणारा भाग हा पातळ पडद्यासारखा सपाट असतो. फुलपाखराने पंख मिटले की ते पंखही सपाट असतात. दोन्ही समांतर ठेवले, म्हणजे कॅमेरा पंखासमोर बरोबर काटकोनात धरला, की एका मिलिमीटरमध्येही अख्खा पंख बसतो. अशा फोटोत पंखावरचे खवले दिसतात, मंगलोरी कौलांसारखे एकावर एक रचलेले. लहानपणी फुलपाखरू पकडल्यावर बोटांना लागायची ती 'पूड' म्हणजे हेच खवले. कौलं उपटल्यावर छपराचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून पंखांना हात लावायचा नाही.

तिसरा नियम पुस्तकात नसतो. डोळा की पंख, पाय की सोंड, हे त्या जिवाच्या आयुष्यात काय महत्त्वाचं आहे त्यावर ठरतं. तिथे त्याचं नाव मदतीला येतं.

३. नावात काय दडलेलं असतं

डॅनाअस क्रायसिपस नावाचं नारिंगी फुलपाखरू इंग्रजीत प्लेन टायगर आहे. मराठीत त्याला 'बिबळ्या कडवा' म्हणतात. बिबळ्या हे ठिपक्यांमुळे. कडवा कशामुळे? त्याचा सुरवंट रुईची पानं खातो, रुईच्या चिकातलं विष अंगात साठवतो आणि ते विष पुढे फुलपाखरातही उतरतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. पक्ष्याला जे एका घासात कळतं ते मराठी नावात तीन अक्षरांत सांगितलंय.

दुसरं उदाहरण 'हळदीकुंकू'. इंग्रजीत कॉमन जेझेबेल, म्हणजे बायबलमधली राणी ईजबेल. इंग्रजी नाव वाचून फुलपाखराविषयी काही कळत नाही. मराठी नाव मात्र फोटो काढणाऱ्याला सरळ सूचना देतं: पिवळा आणि लाल रंग मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला असतो, वरची बाजू पांढुरकी. म्हणजे पंख मिटलेले असतानाच, बाजूने फोटो घ्यायचा. वरून घेतला तर हळदही नाही आणि कुंकूही नाही.

तिसरं 'खंडोबाचा किडा'. इंग्रजीत हाच प्रेइंग मँटिस. इंग्रजी नाव ठेवणाऱ्याला त्याचे जोडलेले पुढचे पाय प्रार्थनेसारखे दिसले. प्रत्यक्षात त्या पायांना आतून काटे असतात आणि ते भक्ष्य पकडायला असतात. ते काटे दाखवायचे असतील तर आपलं एक मिलिमीटर डोळ्यावरून पायावर आणावं लागेल. तो फोटो बघणारा मग 'प्रार्थना' या शब्दावर थोडा थांबेल.

वाघोडियात राहणाऱ्या आपल्यासारख्यांकडे आणखी एक शब्दकोश आहे. गुजरातीत पतंगियुं म्हणजे फुलपाखरू, मराठीत पतंग म्हणजे रात्री दिव्यावर येणारा. घरात मराठी आणि गल्लीत गुजराती बोलणाऱ्या मुलांचा इथे हमखास गोंधळ उडतो. आपली रुई इथे आकडो, झेंडू गलगोटा. घरातल्या मोठ्यांना आणि शेजारच्या काकांना फोटो दाखवून नावं विचारा. दोन्ही भाषांतली नावं वहीत लिहा. अशी नावं माणसांच्या तोंडीच जगतात, विचारणारं कुणी उरलं नाही तर ती तिथेच संपतात.

४. एका रुईच्या झुडपाचा पाठ

आता हे सगळं एका जागी वापरून बघू. वाघोडियाच्या कुठल्याही रस्त्याच्या कडेला, कुंपणाशी, मोकळ्या प्लॉटवर रुई दिसते. शनिवारी तिची माळ मारुतीला जाते, बाकीचे सहा दिवस तिला तण समजतात. (चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, डोळ्याला गंभीर इजा होते. पान तोडायचं नाही, आणि हात लागलाच तर लगेच धुवायचा.)

अंडं. बिबळ्या कडव्याची मादी एकेकटं अंडं घालते, बहुतेक वेळा पानाच्या खालच्या बाजूला. अंडं उंचीला मिलिमीटरभर, म्हणजे आपली स्पष्ट पट्टी जेवढी जाड तेवढंच. पान न मोडता, खाली बसून, वर बघत फोटो घ्यावा लागतो. अंड्यावरच्या उभ्या रेघा स्पष्ट आल्या तर फोटो जमला.

सुरवंट. काळा, पांढरा, पिवळा अशा पट्ट्यांचा, अंगावर मऊ शिंगांसारख्या तीन जोड्या. रंग इतके भडक की लपायचा विचारच नाही. ज्याच्या अंगात विष आहे त्याला लपायचं कारण नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर तो पहिल्यांदा अंड्याचं कवच खातो, मग पानाला लागतो. इथे फोकस तोंडावर. चावलेल्या पानाची कड आणि चावणारा जबडा एकाच पडद्यात आणता आले, तर त्या फोटोला मथळा लागत नाही.

फूल. रुईच्या फुलाच्या मध्ये पाच भागांचा मुकुट असतो. तिचे पराग मोकळ्या पुडीसारखे नसतात, छोट्या पुड्यांत बांधलेले असतात आणि त्या पुड्या चिमट्यासारख्या कीटकाच्या अंगाला अडकतात. हे ओझं वाहून न्यायला दांडगा कीटक लागतो. ते काम मोठी काळी सुतारमाशी करते. आपल्या गाण्या-कवितांतून गुणगुणणारा भुंगा पुष्कळदा ही सुतारमाशीच असते. तिचा फोटो काढताना काळं अंग आणि पांढरं-जांभळं फूल एकत्र येतं, कॅमेरा गोंधळतो. फुलावर बेतून प्रकाश मोजा, नाहीतर पाकळ्या जळून पांढऱ्या होतात.

तोतया. हा माझा सगळ्यांत आवडता धडा. डॅनाइड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते. तिच्या अंगात विष नाही, फक्त कडव्याचा वेष घेऊन ती पक्ष्यांना फसवते. (तिचा नर अगदी वेगळा, काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा.) लांबून दोघी सारख्याच. जवळच्या फोटोत मात्र मागच्या पंखाचा मधला भाग बघायचा: बिबळ्या कडव्याला तिथे तीन-चार काळे ठिपके असतात, तोतयाला तसे नसतात. ठिपके चार असतील तर तो कडव्याचा नर, तीन असतील तर मादी. म्हणजे इथे एक मिलिमीटर डोळ्यावर ठेवून चालणार नाही, मागच्या पंखावर ठेवायला हवं. ही माहिती आधी नसेल तर डोळा छान स्पष्ट आलेला, पण नाव न सांगणारा फोटो हातात राहतो.

अंडं ते फुलपाखरू हा प्रवास साधारण महिन्याभरात पुरा होतो. त्या महिन्यात कुणी 'साफसफाई' म्हणून झुडूप छाटलं तर काय काय जातं, हे ज्याने पानाखाली वाकून पाहिलंय त्यालाच कळतं. बिबळ्या कडव्याचा सुरवंट बागेतल्या गुलाबावर जगत नाही. फुलपाखरं हवी असतील तर रुईसारखी 'तणं' कुठेतरी राहू द्यावी लागतील, एवढं साधं गणित आहे.

५. फुलं सोपी वाटतात

फूल पळत नाही, म्हणून ते सोपं वाटतं. पण ते हलतं. वाऱ्याची झुळूक आली की एक मिलिमीटर कुठच्या कुठे जातं. कपडे वाळत घालायचा चिमटा एका काडीला बांधून देठाला हलकेच आधार द्या. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा जा.

रंगाचं म्हणाल तर तगर, मोगरा ही पांढरी फुलं कडक उन्हात नुसती पांढरी शाई सांडल्यासारखी येतात. एक्स्पोजर थोडं कमी करा. लाल जास्वंदीचा लाल रंग मोबाइलमध्ये एकसारखा डाग होतो आणि पाकळीच्या शिरा नाहीशा होतात. तिथेही तेच. ढगाळ हवा फुलांसाठी उत्तम. ती नसेल तर ऊन आणि फूल यांच्यामध्ये एक पांढरा पातळ कागद किंवा ओढणी धरायला मैत्रिणीला सांगा.

आणि जवळ गेल्यावर वाचा. जास्वंदीच्या मधल्या दांड्यावर पुंकेसर चिकटलेले असतात आणि टोकाला पाच मखमली ठिपके दिसतात, ते स्त्रीकेसराचे. फोकस त्या पाचांवर ठेवला की मागची लाल पाकळी आपोआप पार्श्वभूमी होते. झेंडूचं आपण ज्याला एक फूल म्हणतो तो प्रत्यक्षात लहान लहान फुलांचा गुच्छ आहे. सूर्यफुलाचंही तसंच. दसऱ्याच्या तोरणातलं एक फूल घेऊन चिमट्याच्या लेन्सखाली धरा, स्वतः मोजा.

मधमाश्यांना लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात. आपल्याला साध्या वाटणाऱ्या कितीतरी पाकळ्यांवर त्यांच्यासाठी मधाकडे जाण्याच्या खुणा असतात. आपला फोटो कितीही स्पष्ट असला तरी तो माणसाने पाहिलेल्या फुलाचा असतो, हे आठवणीत असू द्यावं.

६. जवळ जायचं कसं

कीटकांचं अंग उन्हाने तापावं लागतं, तेव्हा ते उडतात. म्हणून सकाळी लवकर, विशेषतः थंडीत, ते सुस्त असतात. निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या मधमाश्यांचे नर रात्री काडीला जबड्याने चावून लटकत झोपतात. सूर्य वर येण्याआधी गेलात तर दवासकट सापडतील. ऊन आलं की फुलपाखरं पंख उघडून शेकत बसतात, ती पंखाच्या वरच्या बाजूचा फोटो घ्यायची वेळ. पावसाळा सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथे फुलं आणि पाखरं दोन्ही भरपूर.

जाताना आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. उभ्याने वाकू नका, लांबूनच खाली बसा आणि सरकत जा. प्रत्येक पावलाला एक फोटो घ्या, म्हणजे ते उडालं तरी हातात काहीतरी राहील. फोकस एका अंतरावर पक्का करून ठेवा आणि स्वतः पुढे-मागे डुला. कीटक स्पष्ट दिसला की बटण दाबा. बटण दाबताना श्वास रोखा. वेग १/२५० किंवा जास्त. फ्लॅश वापरत असाल तर त्याच्यापुढे बटर पेपर लावा, नाहीतर ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा भगभगीत ठिपका येतो.

माशी आणि मधमाशी यांच्यात फसू नका. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, हवेत एका जागी थांबणारी ती बहुधा सिर्फिड माशी. पंख मोजा: माशीला दोन, मधमाशीला चार. तिच्या अळ्या पिकावरचा मावा खातात.

मत्तयच्या शुभवर्तमानात, डोंगरावरच्या प्रवचनात, येशू रानातल्या फुलांकडे लक्ष वेधतो. तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ नुसतं पाहणं नाही, नीट निरखून समजून घेणं असा आहे. त्याला वेळ लागतो. एका झुडपापाशी अर्धा तास बसायची तयारी नसेल तर महागडी लेन्सही फारसं काही देणार नाही.

७. खोटा फोटो

काही जण कीटकाला फ्रिजमध्ये ठेवून गारठवतात, मग फुलावर मांडतात. काही जण चिकटवतात. काही जण ग्लिसरीन शिंपडून 'दव' करतात. फोटो सुरेख येतात, पण त्यातला कीटक जगत नसतो, पोज देत असतो. मारून किंवा गारठवून मिळवलेली स्पष्टता आपल्याला नको, एवढं मंडळाने ठरवून टाकावं असं मला वाटतं. त्यासाठी आपल्याला थोडे अस्पष्ट फोटो चालवून घ्यावे लागतील.

दुसरा प्रश्न नवा आहे. आता दोन ओळी टाइप केल्या की संगणक खंडोबाच्या किड्याचं चित्र काढून देतो, दवबिंदूंसकट. मग गुडघे कशाला मळवायचे? मला सापडलेलं उत्तर असं: ते चित्र कुठल्याही सकाळचं नसतं, कुठल्याही झुडपावरचं नसतं. तुमचा धूसर फोटो 'हा जीव, या दिवशी, या ठिकाणी होता' असं सांगतो. साक्ष म्हणून त्याला किंमत आहे.

ही साक्ष पक्की कशी करायची ते एका जेझुइट धर्मगुरूंकडून शिकता येतं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी कितीतरी वर्षं वनस्पती गोळा करून अभ्यासल्या. खंडाळ्याच्या आणि सौराष्ट्राच्या वनस्पतींवर त्यांनी ग्रंथ लिहिले. त्याच कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये दाबून ठेवलेली रोपं आजही अभ्यासाला मिळतात. अशा प्रत्येक रोपाजवळ एक चिठ्ठी असते: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. ती चिठ्ठी नसेल तर उरतो तो वाळका पाला. आपल्या फोटोंनाही अशीच चिठ्ठी जोडू या. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांवर फोटो टाकला की जाणकार ओळख पटवायला मदत करतात आणि आपल्या तालुक्याची नोंद तिथे राहते.

८. गृहपाठ

पुढच्या बैठकीला येताना सभासदांनी एवढं करून आणावं:

१. एक झुडूप निवडा. रुई, कढीपत्ता, लिंबू, एरंड, काहीही चालेल. चार आठवडे, आठवड्यातून एकदा, त्याच झुडपापाशी अर्धा तास बसा.

२. पाच फोटो आणा, जास्त नकोत. प्रत्येकाखाली चार गोष्टी लिहा: मराठी नाव, गुजराती नाव, ठिकाण, तारीख. नाव सापडलं नाही तर ती जागा कोरी ठेवा, आपण मिळून शोधू.

३. प्रत्येक फोटोत तुमचं एक मिलिमीटर कुठे ठेवलंत आणि का, ते एका वाक्यात लिहा.

४. पाचांपैकी एका फोटोवर शंभर शब्दांचा परिच्छेद लिहा. अट एकच: 'सुंदर' हा शब्द वापरायचा नाही.

झुडूप मध्येच कुणी तोडलं तर तोडलेल्या जागेचा फोटो आणा. तोही चालेल.